पाटीवरचा दात

लक्ष्मणराव खैरमोडे यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा चाकणच्या त्यांच्या मोटारींच्या कंपनीत पेढे वाटले गेले. पेढे कंपनीने वाटले नव्हते. कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या कारखानदारांनी वर्गणी काढून वाटले होते, आणि लक्ष्मणरावांनी तो आपला गौरव समजून दोन जास्तीचे खाल्ले. आयुष्यभर त्यांनी क्वालिटी विभागात बसून एकच काम केलं होतं. लोकांनी जीव ओतून बनवलेला माल हातात घ्यायचा, उजेडाकडे धरायचा, चष्मा कपाळावर चढवायचा आणि अतिशय सौम्य आवाजात म्हणायचं, "माल चांगला आहे हो. पण पास केलेल्या सॅम्पलशी जुळत नाही." मग लाल स्टिकर लागायचं आणि समोरचा माणूस टेम्पो उलटा फिरवून घरी जायचा.

आता या माणसाने उरलेलं आयुष्य गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालण्यात घालवावं, अशी त्यांच्या पत्नीची, दीपमालाबाईंची, माफक अपेक्षा होती. पण चिखलीत त्यांच्याच सोसायटीच्या तळमजल्यावरचा एक गाळा रिकामा झाला आणि लक्ष्मणरावांच्या डोक्यात फ्लेक्स शिरला.

"या भागात माणूस जन्मला की फ्लेक्स लागतो," ते म्हणाले. "वाढदिवसाला लागतो, निवड झाली की लागतो, निवड हुकली तरी लागतो. शिवाय कंपन्यांचे सुरक्षेचे बोर्ड. भोसरीपासून चाकणपर्यंत मला एक मोकळा खांब दाखव."

दीपमालाबाईंनी दाखवला नाही, कारण नव्हताच.

दुसरा कुणी असता तर दुकानात गेला असता, मोठ्या मापाचा एखादा प्रिंटर घेतला असता आणि संध्याकाळी घरी येऊन जेवला असता. लक्ष्मणरावांनी आधी शाईचा अभ्यास करायचं ठरवलं. "प्रिंटर काय, कुठलाही घेता येतो. शाई चुकली की सगळं चुकलं," हे वाक्य त्यांनी त्या महिन्यात दूधवाल्यासकट सगळ्यांना ऐकवलं. शाया चार प्रकारच्या निघाल्या. पाण्यात कालवलेली, जिला वास नव्हता आणि भरवसाही नव्हता. सॉल्व्हंट, म्हणजे उन्हापावसात टिकणारी, पण छापताना ऑइलपेंटच्या डब्यात तोंड घातल्यासारखा वास देणारी. यूव्ही, जी छापल्याक्षणी वाळायची आणि जिचा भाव ऐकून माणूसही वाळायचा. आणि चौथी इको सॉल्व्हंट. "इको म्हणजे वास येतो साहेब, पण पर्यावरणाला विचारून येतो," असं विक्रेत्याने समजावलं.

लक्ष्मणरावांचा विक्रेत्यांवर विश्वास नव्हता. विक्रेत्यांवर विश्वास न ठेवण्याचाच त्यांना इतकी वर्षं पगार मिळत होता. त्यांनी चारही शायांचे छापील नमुने मागवले आणि कंपनीत रंगवलेल्या पत्र्यांची करायचे तशी खाऱ्या पाण्याची चाचणी सोसायटीच्या गच्चीवर सुरू केली. दोरीवर चार मोर टांगले. विक्रेते नमुना म्हणून मोरच का देतात हे कुणालाच माहीत नाही. सकाळ-संध्याकाळ त्यांच्यावर मिठाच्या पाण्याचा फवारा बसू लागला.

चाचणी यशस्वी झाली. म्हणजे पाण्याच्या शाईचा मोर पहिल्याच दुपारी विरघळला आणि खालच्या दोरीवर वाळत असलेल्या सुमनताईंच्या पांढऱ्या चादरीवर उतरला. सुमनताई सोसायटीच्या अध्यक्षा. त्या नेमक्या गाळ्याच्या वरच राहत होत्या आणि त्यांना सगळ्या विषयातलं कळत होतं. सॉल्व्हंटचा मोर तसूभर हलला नाही, पण शेजारच्या प्लास्टिकवर घातलेल्या त्यांच्याच साबुदाण्याच्या पापड्यांना त्याने आपला वास कायमचा दिला. पुढे एका एकादशीला त्यांच्या घरी सगळ्यांनी फराळ अर्ध्यावर सोडला म्हणतात.

"अहो भाऊ, प्रयोग करायचेत तर तळवड्याच्या आयटी पार्कात जा की!" चादरीवरचा निळा-हिरवा पिसारा दाखवत सुमनताई कडाडल्या. "आणि तो वासाचा प्रिंटर खाली आणलात तर मी वरून पाणी ओतेन. मिठाचंच ओतेन!"

अशा रीतीने शाईचा शास्त्रशुद्ध निर्णय झाला. इको सॉल्व्हंट. लक्ष्मणराव हा निर्णय चाचणीच्या निष्कर्षांवर घेतल्याचं सांगत, आणि एका अर्थी ते खरंच होतं.

मग विजेचं प्रकरण. एवढं मोठं मशीन म्हणजे थ्री फेज हवंच, असं सुमनताईंनी सांगितलं. त्यांच्या भाच्याची दिघीला पिठाची गिरणी होती, त्यामुळे हा सल्ला तज्ज्ञाचा मानला गेला. वीज कार्यालयातल्या बाईंनी अर्ज पाहून विचारलं, "छपाई म्हणजे तुम्ही वस्तू बनवणार की विकणार?"

"बनवून विकणार."

"दोन्ही नाही करता येत. बनवणार असाल तर उद्योग, विकणार असाल तर दुकान. एक ठरवून या."

आयुष्यभर दुसऱ्यांना 'एक ठरवून या' म्हणणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागलं. ते ठरवून गेले तेव्हा बाई रजेवर होत्या, आणि बाई आल्या तेव्हा लक्ष्मणरावांनी काय ठरवलं होतं त्याबद्दल त्यांचाच गोंधळ झाला होता. शेवटी गाळ्यात थ्री फेज आलं. भिंतीवर भलामोठा मीटर बसला. लक्ष्मणराव येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवू लागले. मग मशीन आलं, आणि ते बसवायला आलेल्या संघर्ष नावाच्या इंजिनिअरने भिंतीकडे बघून विचारलं, "काका, हे कशाला घेतलंत? हे मशीन घरच्या प्लगवर चालतं."

लक्ष्मणरावांनी रुमाल काढून मीटर पुसला. पुढची तयारी म्हणून घेतलंय, असं त्यांनी चहाच्या वेळी, कुणी पुन्हा विचारलं नसताना सांगितलं.

मशीन दिसायला सुरेख होतं. सहा फूट रुंद कागद किंवा विनाईलचं प्लास्टिक आडवं बसायचं आणि वरून छपाईचं हेड सर्रसर्र इकडून तिकडे पळायचं. संघर्षने सूचना द्यायला सुरुवात केली. हेडला हात लावू नका, शाईच्या नळ्या ओढू नका, धूळ येऊ देऊ नका. मग हेडच्या मागून जाणाऱ्या लांबलचक पारदर्शक पट्टीबद्दल तो बराच वेळ काहीतरी कळकळीने सांगत होता. नेमके तेव्हा लक्ष्मणराव सुमनताईंना चपला बाहेर काढायला सांगत होते.

संघर्ष गेला आणि पूजेची वेळ झाली. आता इथली रीत अशी की लोखंडाचा तुकडा जरी विकत आणला तरी त्याला हळद-कुंकू लागल्याशिवाय तो आपला होत नाही. नवी दुचाकी असो, लेथ असो, नाहीतर मिक्सर. दीपमालाबाई निरांजन घेऊन पुढे झाल्या. हळद-कुंकू पाण्यात कालवलेलं तयार होतं. प्रश्न फक्त बोट कुठे टेकवायचं एवढाच होता.

"हेडला लावा," सुमनताई म्हणाल्या. "डोकं म्हणजे डोकं. माणसाला आपण पायाला लावतो का?"

"हेडला अजिबात नाही!" लक्ष्मणराव ओरडले. "त्याची भोकं केसापेक्षा बारीक असतात. अशा पूजेनेच लोक मशिनी घालवतात."

"मग बाहेर झाकणावर लावू?" दीपमालाबाईंनी विचारलं.

"झाकण उद्या पुसलं जाईल. काम करणाऱ्या भागाला लागलं पाहिजे, पण कामात अडथळा यायला नको." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि तपासणीच्या नजरेने मशीन आतून न्याहाळलं. प्रत्येक भाग काही ना काही करत होता. एक ती पारदर्शक पट्टी तेवढी काहीच न करता या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून उभी होती. "इथे लावा," लक्ष्मणराव म्हणाले. "हिचा काही उपयोग दिसत नाही."

दीपमालाबाईंनी पट्टीच्या बरोबर मध्यावर हळदीचं एक आणि कुंकवाचं एक, अशी दोन ठसठशीत बोटं लावली. नारळ बाहेर उंबऱ्याशी फोडला, कारण लक्ष्मणराव मशीनबद्दल फार काळजी घेणारे होते.

पहिलं काम भिवाभाऊंचं आलं. भिवाभाऊ म्हणजे तिथले उगवते युवा नेतृत्व, आणि बरीच वर्षं उगवतच होते. त्यांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. डावीकडे भिवाभाऊ मोबाइलवर बोलताना, आणि खाली शुभेच्छुकांची लांबलचक रांग. छापून बाहेर आला तेव्हा सगळं झक्क होतं. फक्त मध्यावर उभ्या रेषेत चित्र थोडं सरकलं होतं, आणि त्या रेषेत सापडलेल्या एका शुभेच्छुकाला दीड नाक आणि तीन डोळे आले होते.

भिवाभाऊ कमरेवर हात ठेवून फ्लेक्सपुढे वाकले.

"ह्यो दत्तू न्हवं का?"

"भाऊ, आम्ही परत छापून..."

"कशापायी? त्यो कालच पल्याडच्या गटात गेला. राहू द्या तसाच. आमी त्याचं नाव काढायला सांगणार हुतो, पर हे लई झ्याक केलंत तुमी." भिवाभाऊंनी जाताना पाठीवर थाप मारली. "इशारा बसंल त्याला."

माल सॅम्पलशी जुळत नसताना पास होतो, हा अनुभव लक्ष्मणरावांना नवा होता. त्यांना तो मुळीच आवडला नाही. दीपमालाबाईंना मात्र रोगाचं निदान लगेच झालं. "दृष्ट लागलीय मशीनला. गाळ्यात कोण कोण येऊन बघून गेलं!" तेव्हापासून रोज सकाळी दुकान उघडलं की अगरबत्ती, आणि त्याच बिनउपयोगी पट्टीवर, त्याच जागी, नवं कुंकू. मशीन दिवसेंदिवस जास्त पवित्र आणि जास्त वाकडं छापू लागलं. सरकलेली रेष रुंद झाली. तसतसं कुंकूही वाढलं.

आणि अशात एक दिवस रहिमानभाई मुलाणी दुकानात आले.

तळवड्यात रहिमानभाईंचं पत्रा दाबायच्या प्रेसचं छोटं वर्कशॉप होतं. ते गाडीचे भाग धरून ठेवणारे ब्रॅकेट बनवत. लक्ष्मणरावांनी उभ्या हयातीत सर्वात जास्त लाल स्टिकरं कुणाच्या मालाला लावली असतील तर ती रहिमानभाईंच्या. एकदा तर फक्त रंगाची छटा किंचित गडद होती म्हणून अख्खा टेम्पो परत पाठवला होता, तोही ईदच्या आदल्या दिवशी. ब्रॅकेट गाडीच्या पोटात कुठेतरी बसायचं, जिथे ते मेकॅनिकशिवाय कुणाला दिसलं नसतं. निवृत्तीच्या पेढ्यांची वर्गणी गोळा करणारेही रहिमानभाईच.

"साहेब, माझी सिदरा डेंटिस्ट झाली," ते खुर्चीवर बसत म्हणाले. "इथंच चिखलीत दवाखाना टाकतीय. येत्या रविवारी उद्घाटन. पाटी तुमच्याकडंच करायची म्हणलं."

"माझ्याकडे? म्हणजे... का?"

"का म्हंजे? तुमच्यासारखा कडक माणूस अख्ख्या एमआयडीसीत न्हवता. मी घरी सांगितलं, पाटी साहेबांनी केली म्हंजे तिच्यात खोट निघायची नाही." ते हे अगदी मनापासून म्हणाले होते की आणखी कुठून, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

लक्ष्मणरावांची त्या रात्रीची झोप उडाली. भिवाभाऊ गेले खड्ड्यात. पण ज्या माणसाला आयुष्यभर उजेडात धरून तपासलं, तो आता आपला माल उजेडात धरणार होता. ही एक पाटी बिनचूक गेली नाही, तर आजवर लावलेलं एकेक लाल स्टिकर काढून आपल्याच कपाळाला चिकटवावं लागेल, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

पाटीचं चित्र सुंदर होतं. डावीकडे नाव, 'डॉ. सिदरा मुलाणी, दंतचिकित्सालय', उजवीकडे वेळा आणि फोन नंबर, आणि बरोबर मधोमध एक भलंमोठं हसू, मोत्यासारख्या दातांचं. पाटी छापून बाहेर आली. हसू तेच होतं. फक्त पुढचा एक दात शेजारच्या दाताच्या खांद्यावर चढून बसला होता.

डेंटिस्टच्या पाटीवर वाकडा दात.

दीपमालाबाईंनी धावत जाऊन कुंकू लावलं. दुसरी पाटी छापली. आता दोन दात चढले. मशीनवरून लिंबू उतरवून टाकलं. तिसऱ्या पाटीत अक्कलदाढ पुढून आली होती.

"तळवड्यात एवढी दुकानं आहेत. एक पाटी बाहेरून छापून आणा ना," दीपमालाबाई कळवळून म्हणाल्या. "कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल," लक्ष्मणराव म्हणाले. हे मात्र ते खरं बोलले, आणि त्यांना स्वतःलाच थोडं बरं वाटलं.

मग त्यांच्यातला तपासनीस जागा झाला. फसलेल्या तिन्ही पाट्या त्यांनी फरशीवर पसरल्या. खोट तिन्हीत उजव्या कडेपासून सारख्याच अंतरावर होती. त्यांनी टेप काढला, तेच अंतर मशीनच्या उजव्या कडेपासून मोजत नेलं. टेपचं टोक जिथे थांबलं तिथे सकाळचं ताजं कुंकू होतं.

त्यांनी भिंग आणलं. बिनउपयोगी पट्टीवर केसाहून बारीक अशा असंख्य रेघा होत्या. धावणारं हेड त्या रेघा वाचत वाचत आपण कुठे पोहोचलो ते ओळखत होतं, आणि रोज मध्यावर कुंकवाच्या डोंगरात वाट चुकत होतं. अख्ख्या मशीनमध्ये जिला बोट लावायचं नाही अशी एखादी जागा असेल तर ती हीच, आणि ती त्यांनी स्वतः, पूर्ण तपासणीअंती निवडली होती.

लक्ष्मणरावांनी तत्परतेने शाई साफ करायच्या द्रावणात फडकं बुडवलं आणि पट्टी खसखसून पुसली. मग संघर्षला फोन लावला.

"पट्टी?" संघर्षचा आवाज चिरकला. "काका, मी त्या दिवशी हात जोडून सांगत होतो! आता एक करा, त्या द्रावणाने तेवढी पुसू नका. रेघा जातात."

रेघा गेल्या होत्या. कुंकवाचा पिवळसर-लाल डाग मात्र राहिला होता. नवी पट्टी मुंबईहून सोमवारी येणार होती, आणि उद्या रविवार होता.

रविवारी सकाळी रहिमानभाई पाटी न्यायला आले, सोबत सिदरा. लक्ष्मणरावांनी तिन्हीतली कमीत कमी वाकडी, म्हणजे पहिलीच, फोमच्या बोर्डावर चिकटवून उभी केली होती, आणि ते स्वतः तिच्याशेजारी उभे होते. माल घेऊन येणारे कारखानदार त्यांच्या टेबलापुढे उभे राहायचे, तसेच, हात पुढे बांधून. सुमनताई बातमी लागल्यासारख्या जिन्यात येऊन थांबल्या होत्या.

रहिमानभाईंनी पाटी उचलली. दारात नेऊन उजेडाकडे धरली. चष्मा कपाळावर चढवला. लक्ष्मणरावांना ती लकब कुठेतरी पाहिल्यासारखी वाटली.

"दात चढलाय, साहेब."

"हो."

"मूळ कारण काय?"

"ऑपरेटरची चूक..."

"हे कारण तुम्ही माझ्याकडनं कधी घेतलं न्हाई," रहिमानभाई शांतपणे म्हणाले. "मुळाशी जा म्हणायचा. जावा मुळाशी."

"कुंकू," लक्ष्मणराव म्हणाले. जिन्यात सुमनताईंना ठसका लागला.

लक्ष्मणराव मान खाली घालून लाल स्टिकरची वाट पाहत होते. त्यांना त्या ईदच्या आदल्या दिवसाची आणि मागे फिरलेल्या टेम्पोची आठवण झाली, आणि पहिल्यांदाच त्या आठवणीत त्यांना टेम्पोत बसलेला माणूस दिसला. लाज वाटली. चांगलीच वाटली.

सिदरा इतका वेळ त्या दाताकडे मान तिरकी करून बघत होती. "अब्बा, लावू या की. पाहुणे यायला लागलेत." आणि तिला हसू आवरेना.

रहिमानभाईंनी खिशातून पेन काढलं, पाटी उलटी केली आणि मागे मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पास'. खाली सही ठोकली. लक्ष्मणरावांपुढे पेन धरलं. "तुम्हीबी करा. सॅम्पलवर दोघांची सही लागती, तुमचाच नियम." लक्ष्मणरावांनी सही केली. "एवढं सोपं असतंय बघा," रहिमानभाई पाटी काखेत मारत म्हणाले. "तुम्हालाच काय ते जमलं न्हाई."

सोमवारी नवी पट्टी बसली. दीपमालाबाईंनी कुंकू भिंतीवरच्या थ्री फेज मीटरला लावलं, म्हणजे त्याचाही काही उपयोग झाला. लक्ष्मणरावांनी दार लावून दवाखान्याची पाटी पुन्हा छापली, उत्तम विनाईलवर, सावकाश. मग भिंग घेऊन ती इंच इंच तपासली. दात न् दात सरळ. रंग जसाच्या तसा. इतका निर्दोष माल त्यांच्या हातून आजवर कुणाचाही पास झाला नव्हता. पैसे घ्यायचे नाहीत, नुसती द्यायची आणि एकदाचे मोकळे व्हायचे, असं ठरवून ते पाटी डोक्यावर घेऊन दवाखान्यात गेले.

दवाखान्यात बसायला जागा नव्हती. बाकावर एक काकू दुसरीला सांगत होत्या, "रस्त्यावरनं पाटी बघितली आन् म्हणलं, माझ्या पोरीचा दात हुबेहूब असाच चढलाय. बाकीच्यांच्या पाटीवर नुसते चांगलेच दात. तिथं आपल्यासारख्यानं कशाला जायचं?"

रहिमानभाई बाहेर आले. लक्ष्मणरावांनी नवी पाटी डोक्यावरून उतरवून भिंतीला टेकवली आणि बाजूला झाले. "घ्या रहिमानभाई. आता खोट काढून दाखवा."

रहिमानभाईंनी पाटी दारात नेली. उजेडाकडे धरली. चष्मा कपाळावर चढवून वरपासून खालपर्यंत पाहिली, बोट फिरवून पाहिली. मग वर टांगलेल्या पाटीकडे एकदा बघितलं, आणि अतिशय सौम्य आवाजात म्हणाले, "माल चांगला आहे हो, साहेब. पण पास केलेल्या सॅम्पलशी जुळत नाही."